तलवार खुंटीला टांगल्यावर

सोमवारी सकाळी साडेनऊला हिंजवडीच्या चौकात जरा बाजूला उभं राहून बघा. माना खाली, कानात इअरफोन, डोळे अर्धे मिटलेले आणि शेकडो माणसं एकाच दिशेनं सरकतायत. झॉम्बी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही, बॉस!

म्हणूनच की काय, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘द वॉकिंग डेड’चे भक्त भरपूर आहेत. रॉबर्ट कर्कमनचं हे कॉमिक 2003 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, ब्लॅक अँड व्हाइट, आणि 193 अंकांनंतर 2019 मध्ये संपलं. त्यावरची टीव्ही सीरियल 2010 ते 2022 चालली. अकरा सीझन, 177 एपिसोड. म्हणजे रोज रात्री एक बघितला तरी सहा महिने निश्चिंत. कथा साधी आहे. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जिवंतांना चावतात. सरकार, लाइट, पेट्रोल, इएमआय सगळं संपतं. उरते मूठभर जिवंत माणसं.

या गोतावळ्यात सगळ्यांची लाडकी कोण, तर मिशॉन. टीव्हीवर दुसऱ्या सीझनच्या शेवटी तिची एंट्री आहे आणि ती खरंच सॉलिड आहे. रात्रीचं जंगल. अँड्रिया पळून पळून थकलीय, झॉम्बी अंगावर आलाय. सपकन एक तलवार फिरते, मुंडकं उडतं. समोर डोक्यावर टोपडं ओढलेली एक आकृती आणि तिच्या मागे साखळीला बांधलेले दोन झॉम्बी. त्यांना हातही नाहीत आणि खालचा जबडाही नाही. चेहरा दिसत नाही, एक शब्द नाही. संपलं! पुढच्या सीझनसाठी अख्खं जग श्वास रोखून बसलं.

कँटीनमधली चर्चा इथंच थांबते. तलवार कसली भारी, अॅटिट्यूड कसला भारी. मोबाइलचा वॉलपेपर बदलतो आणि लोक परत डेस्कवर जातात.

मागच्या दिवाळीत मी नांदेडला मावशीकडे गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला, तर मावशी मागे येऊन बसली. पाच मिनिटं गप्प बघितलं आणि म्हणाली, ‘‘ही पोरगी कामून एकटीच फिरायली गं? घरचे कुठंयत हिचे?’’

मी म्हटलं, ‘‘मावशी, अगं ती फायटर आहे.’’

‘‘ते दिसायलंय. पण घरचे कुठंयत?’’

तर मंडळी, अख्ख्या कँटीनला जो प्रश्न पडला नाही, तो मावशीला पाच मिनिटांत पडला. आणि खरी गोष्ट तिथंच आहे. मिशॉन कॉमिकमध्ये आधी वकील होती. कोर्ट, फायली, घर, सगळं नीट चाललेलं. तलवार काही खानदानी नाही, शेजाऱ्याच्या घरात सापडलेली. टीव्हीवर तिचा लहानगा मुलगा छावणीवरच्या हल्ल्यात जातो. त्याला सांभाळायला ठेवलेले तिचा बॉयफ्रेंड आणि त्याचा मित्र नशेत होते. साखळीला बांधलेले ते दोन झॉम्बी म्हणजे हेच दोघे. त्यांच्या वासामुळे बाकीचे झॉम्बी तिच्याजवळ येत नाहीत, हा त्याचा फायदा. पण आपलं दुःख साखळीला बांधून गावोगाव ओढत न्यायचं, हा त्याचा अर्थ. झॉम्बीची गोष्ट मेलेल्यांची नसतेच मुळी. ती मागे उरलेल्यांची असते.

दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर गुरुद्वाऱ्यात गेले. नांदेडकरांसाठी नुसतं ‘गुरुद्वारा’ म्हणजे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये इथं आले, इथंच त्यांचं देहावसान झालं आणि इथंच त्यांनी ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 च्या दरम्यान बांधवली. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस थेट नांदेडला येते, त्यामुळे स्टेशनबाहेर पंजाबी आणि मराठवाडी एकाच रिक्षात ऐकू येतात. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला नंग्या तलवारी घेतलेल्या निहंगांची मिरवणूक निघते. तलवारीचं नांदेडला कौतुक नाही, सवय आहे.

त्याच आवारात एक दालन आहे, बुंगा माई भागो. लोक दर्शन घेतात, लंगरकडे वळतात, फोटो काढतात, आणि या दालनावरून पुढे निघून जातात. मी थांबले. म्हटलं, मिशॉनच्या पोस्टरपुढे जेवढा वेळ उभी राहते, तेवढा तरी इथं देऊ.

माई भागो मूळच्या पंजाबातल्या झबाल गावच्या. 1704-05 मध्ये मुघल आणि डोंगरी राजांच्या फौजांनी आनंदपूरला वेढा घातला होता. आत अन्नधान्य संपत आलेलं. तेव्हा माझा भागातले काही शीख गुरूंना सोडून घरी परतले. परंपरा सांगते, की आम्ही तुमचे शीख नाही, असं त्यांनी लिहूनही दिलं. थोडक्यात, रीतसर राजीनामा! ही मंडळी गावी आली, तेव्हा माई भागो यांनी त्यांची कानउघाडणी केली. नुसतं बोलून थांबल्या नाहीत. स्वतः पुरुषी वेश केला, हत्यार घेतलं, घोड्यावर बसल्या आणि त्यांना परत घेऊन निघाल्या.

1705 च्या अखेरीस खिदराण्याच्या तळ्याकाठी सरहिंदचा सुभेदार वजीर खान याच्या फौजेशी गाठ पडली. इकडे मोजून चाळीस जण आणि माई भागो. पाण्याची ती एकच जागा, आणि ती चाळीस जणांनी धरून ठेवलेली. मुघल फौज तहानेनं हैराण होऊन मागे फिरली.

हे वाचून आमच्या लातूरचा माणूस मान डोलावणारच. पाणी संपलं की काय होतं, हे त्याला सीरियलमध्ये बघावं लागत नाही. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. प्लॅटफॉर्मवर लोक आगगाडीचे फोटो काढत होते. लातूरकरांचा अपोकॅलिप्स असा वेळापत्रकानुसार आला होता.

असो. खिदराण्याला लढाई जिंकली, पण ते चाळीसही जण कामी आले. गुरूंनी मैदानावर येऊन तो राजीनाम्याचा कागद फाडून टाकला, अशी कथा आहे. त्या चाळीस जणांना ‘चाळीस मुक्ते’ म्हणतात, आणि खिदराण्याचं नाव पुढे मुक्तसर झालं. परंपरेनुसार मेलेल्यांत माई भागो यांचे पती होते, भाऊ होते. त्या स्वतः जखमी झाल्या, पण जगल्या. ज्यांना आपण बोलून बोलून परत आणलं, ते सगळे गेले आणि आपण तेवढ्या उरलो.

मला विचाराल तर तलवार चालवण्यापेक्षा ही त्यापुढची सकाळ अवघड आहे. आणि आपल्या हिरॉइनच्या गोष्टी नेमक्या त्या सकाळच्या आत संपतात. पोस्टर, पुतळा, पाठ्यपुस्तकातला धडा, सगळीकडे ती घोड्यावर आणि तलवार वर. घोड्यावरून उतरल्यावर तिनं काय केलं, हे कुणी विचारत नाही.

माई भागो यांनी काय केलं? गुरूंच्या अंगरक्षक म्हणून त्या सोबत राहिल्या आणि अशाच नांदेडपर्यंत आल्या. आजचं बुंगा माई भागो हे त्यांच्या राहण्याच्या जागी आहे. 1708 मध्ये गुरू गेले. म्हणजे ज्यांचं रक्षण करायचं, तेही गेले. पंजाब इथून किती लांब! परत जाता आलं असतं किंवा आठवणी उगाळत बसता आलं असतं. त्या मात्र आणखी दक्षिणेला गेल्या, बिदरजवळच्या जनवाड्याला. तिथं त्या नामस्मरणात आणि लोकांना शिकवण्यात रमल्या, दीर्घायुषी झाल्या आणि तिथंच त्यांनी देह ठेवला. त्या जागी आज गुरुद्वारा आहे. पंजाबातली एक बाई, मराठी-कानडी मुलुखाच्या सीमेवर, सगळं गमावल्यावर, पुन्हा नव्यानं राहायला लागली.

हे मावशीला सांगितलं, तेव्हा तिनं तिच्या पद्धतीनं समारोप केला. ‘‘मग आमच्या किल्लारीच्या बायांसारखंच की!’’

आधी मला ते जरा जास्तच वाटलं. मग पटत गेलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत दगड-मातीची जाडजूड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मावशीची एक मैत्रीण त्या भागातली. तिच्या घरात एकटी तीच उरली.

पुढचं पुनर्वसन बहुतेकांना पत्र्याचे शेड आणि नवी गावठाणं एवढंच आठवतं. त्यात आणखी एक गोष्ट झाली. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं, तर सरकारी योजना लोकांपर्यंत पोचवायला गावातलंच माणूस हवं होतं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून शेकडो गावांत बायकाच ‘संवाद सहायक’ झाल्या. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या सिमेंटचं प्रमाण किती, कोपऱ्याला बांधणी कशी, हप्ता कुणाचा अडलाय हे विचारायला लागल्या. पुढे त्यांचे बचतगट झाले, धंदे झाले. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या, आपण कसं सावरलो ते सांगायला. डोक्यावर पदर, हातात वही. बॅकग्राउंड म्युझिक नाही.

आता परत मिशॉनकडे बघा. तिची गोष्टही तलवारीपाशी थांबत नाही, आपण थांबतो. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती ते दोन साखळीतले झॉम्बी स्वतःच्या हातानं संपवते. हळूहळू माणसांत येते, हसते, पुढे अलेक्झांड्रियात घर मिळाल्यावर तलवार भिंतीवर टांगते. गरज पडली की काढतेही, पण ती आता तिच्या पाठीला चिकटलेली नसते. नंतर रिकची मुलगी ज्युडिथ आणि आपला मुलगा आरजे यांना ती वाढवते. वेगवेगळ्या वस्त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याची सनद लिहिते. कॉमिकच्या शेवटच्या अंकात तर ती न्यायाधीश आहे. वकीलबाई फिरून कोर्टातच आल्या!

ही भूमिका करणारी डनाय गुरिरा अमेरिकेत जन्मली, हरारेत वाढली, आणि ती नाटककारही आहे. लायबेरियाच्या यादवी युद्धातल्या बायकांवर तिनं लिहिलेलं ‘इक्लिप्स्ड’ हे नाटक 2016 मध्ये ब्रॉडवेवर आलं. युद्धात सापडलेल्या बायका जगतात कशा, हा प्रश्न तिच्याकडे सीरियलच्या आधीपासून होता.

आपल्याकडे ‘स्ट्राँग वुमन’ हा शब्द फार स्वस्त झालाय. एचआरच्या महिला दिनाच्या मेलमध्ये तो असतो, सोबत हातात तलवार घेतलेलं क्लिपआर्ट. ज्या मुलीच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, तिलाही आपण ‘तू स्ट्राँग आहेस’ म्हणतो आणि तिला एकटं सोडून देतो. तिची तलवार बघायला आपण टाळ्या वाजवत उभे असतो. ती खाली ठेवायला जागा कुठं आहे, हे विचारत नाही. मिशॉनला ती जागा अलेक्झांड्रियात मिळाली, माई भागो यांना जनवाड्यात, किल्लारीच्या बायकांना एकमेकींत.

एक लांब वीकेंड मिळाला तर हा रूट करून बघा. नांदेडला हुजूर साहिब, बुंगा माई भागोपाशी पाच मिनिटं, मग लंगर. तिथून लातूर. लातूरहून उदगीरमार्गे बिदर. बिदरला नानक झिरा गुरुद्वाऱ्यातला पाण्याचा झरा बघा आणि मग अकरा-बारा किलोमीटरवर जनवाडा. रस्त्यात चहाला थांबाल तेव्हा मोबाइलचा वॉलपेपर बदलायची गरज नाही, मिशॉन राहू द्या तिथंच. फक्त त्या मैत्रिणीला एक फोन करा, जी मागच्या वर्षभरात फारच ‘स्ट्राँग’ राहिलीय. मावशीचा प्रश्न विचारा : एकटीच कामून फिरायलीस गं?