भाड्याचा कोट आणि उजळलेला चेहरा

नोकरीच्या अर्जासोबत पाठवावयाचें छायाचित्र नीटनेटकें असावें, हा आग्रह मला मुळींच गैर वाटत नाहीं. साध्या राहणीचा अभिमान मिरविणारे आमचे कांहीं मित्र या तयारीला नटवेपणा म्हणून नाक मुरडतात. पण तेच मित्र मुलीसाठीं स्थळ पाहतांना मुलाचा फोटो आधीं मागवितात, तेव्हां त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. चांगलें दिसणें म्हणजे स्वतःसारखें न दिसणें, अशी जी समजूत फोटोवाल्यांनीं, महाविद्यालयांच्या नोकरी-विभागांनीं आणि संगणकावरील उपदेशकांनीं मिळून रूढ केली आहे, तिच्याशीं माझें भांडण आहे.

नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंश ओलांडतो. २०१३ सालीं तर तो ४७ च्याही पुढें गेला होता. अशा उन्हांत गोंदिया-गडचिरोलीकडचा एखादा मुलगा फोटो काढवून घ्यावयास शहरांत येतो, आणि दुकानदार खुंटीवरचा काळा कोट त्याच्या अंगावर चढवितो. तो कोट त्याच्या आधीं किती जणांनीं घामेजला असेल कोण जाणे. खांदे ढगळ, बाह्या आखूड, टायची गांठ कायमची मारून ठेवलेली. कधीं कधीं तर खुंटीवर कोटही नसतो. नुसतें मुंडकें उचलून संगणकांतल्या तयार कोटावर बसवितात, आणि मान कॉलरींतून भलत्याच दिशेनें उगवते.

येथपर्यंत हंसून सोडतां येईल. पण कोट चढवून झाला कीं कारागीर न विचारतां चेहरा उजळ करतो. या धंद्यांतला हा पक्षपात जुना आहे. कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठीं प्रयोगशाळांना जें नमुन्याचें चित्र पुरवीत असे, त्यांत कित्येक वर्षें गोऱ्या बाईचाच चेहरा असे; तिची कांति बरोबर उतरली म्हणजे सर्वांचा रंग बरोबर, असा तो हिशेब. आमच्याकडे १९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारांत आली, आणि २०२० सालीं तिच्या नांवांतला ‘फेअर’ गेला. फोटोच्या दुकानांतला कुंचला मात्र फिरतोच आहे. आतां तर कांहीं फोन आपण होऊनच कातडी गुळगुळीत करून मोकळे होतात. तुझा रंग ही एक चूक होती व तुझेच पैसे घेऊन आम्हीं ती दुरुस्त केली, हें सांवळ्या मुलाला भर वर्गांत सांगण्याची छाती कोणा शिक्षकास होणार नाहीं. दुकानांत तें एक अक्षरही न बोलतां सांगितलें जातें. मुलाखतीच्या दिवशीं तो मुलगा आपला खरा रंग घेऊन दारांत उभा राहतो, आणि समोरचे गृहस्थ कागदाकडे व त्याच्याकडे आळीपाळीनें पाहतात.

यावर कोणी विचारील, कोट टाकून धोतर नेसा असें तुम्हांला म्हणावयाचें आहे काय? नाहीं. या शहरांत डॉ. आंबेडकरांचे पुतळे व तसबिरी जागोजाग आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत ते सूट-टायमध्यें आहेत. ज्या समाजाला चांगलें वस्त्र अंगावर घालण्याचीही मनाई होती, त्याच्या पुढाऱ्यानें तो पोशाख करण्यांत काय अर्थ होता, हें साधेपणाचें कौतुक करणाऱ्या पुष्कळांना फार उशिरां कळलें. डिसेंबर १९२७ मध्यें महाडास जमलेल्या स्त्रियांना त्यांनीं उच्चवर्णीय बायकांप्रमाणें लुगडें नेसण्यास व जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाकण्यास सांगितलें होतें. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं येथें नागपुरांत दीक्षा घेतांना ते स्वतः पांढऱ्या वस्त्रांत होते. ही तयारी जाणून-बुजून केलेली होती, स्वतःच्या मापाची होती, आणि तिच्यांत चेहरा कोठें पुसला गेला नाहीं. भाड्याच्या कोटाला या कोटाचा आधार कोणी घेऊं नये.

मग तयारी करावी तरी कोणती? स्वतःचा, धुतलेला, इस्त्रीचा सदरा; मुलींनीं ज्यांत रोज मोकळेपणीं वावरतां येतें तें वस्त्र. आदल्या रात्रीं पुरी झोप. केस कापावयाचे तर चार दिवस आधीं. घाम रुमालानें टिपावा, पावडर थापूं नये. चष्मा रोज लावीत असाल तर फोटोंतही लावावा. कांचेवर झळाळी आली तर हनुवटी किंचित् खालीं घ्यावी. उजेडाला सकाळची खिडकी पुरे. फोन हातभर अंतरावर धरला कीं नाक फुगतें व कान लहान होतात. हा दोष नाकाचा नव्हे, अंतराचा आहे, म्हणून फोटो काढणाऱ्यास पांच-सहा फूट मागें उभें करावें. (याला एक पैसाही पडत नाहीं, म्हणूनच बहुधा हें कोणी सांगत नाहीं.)

परंतु मुलांना उपदेश करून भागणार नाहीं. ज्याला नोकरी हवी तो सांगाल तो कोट चढवील. महाविद्यालयांच्या सूचनापत्रकांत ‘कोट व टाय आवश्यक’ असें वाक्य जेथें असेल, तेथें तें कोणत्या कंपनीनें मागितलें याची नोकरी-विभागानें एकदां लेखी विचारणा करावी. मागितलें नसेल तर तें वाक्य काढावें. मागितलें असेल तर कोटाचें भाडें तिच्याकडून घ्यावें. आणि प्राध्यापकांपैकीं कोणी मुलांबरोबर फोटोच्या दुकानापर्यंत जाणार असेल, तर त्यानें पैसे देण्यापूर्वीं दुकानदाराला एवढें बजावावें, कीं रंगाला हात लावावयाचा नाहीं.