पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते

पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. अंगठीतले ते लाल पोवळे बेटे बांधत नाही. बेटे बांधतात त्याचे भाऊबंद, उथळ आणि उबदार पाण्यात राहणारे प्रवाळ. आपली लक्षद्वीप बेटे त्यांनीच बांधली. एकूण बेटे ३६, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे ६४ हजार.

प्रवाळ हा चिमुकला प्राणी. स्वतःसाठी चुन्याचे घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते, उन्हात अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्या शैवालाचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ शैवालाला बाहेर काढते. मग पारदर्शक अंगातून खालचा पांढरा चुना दिसू लागतो.

वाचकहो, हे पांढरेपण म्हणजे मृत्यू नव्हे, उपासमार आहे. पाणी वेळेवर निवले तर शैवाल परत येते. पण लांबणीच्या तापातून उठलेल्या मुलाला अंगात ताकद येण्याआधीच पुन्हा ताप भरला तर काय होईल? लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली असे ताप आले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर चोवीस वर्षे पाहणी झाली. तेथे १९९८ च्या मानाने जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आले आहे.

पोवळे गेले तर माशांचे घर जाते, हे खरेच. पण लक्षद्वीपात माणसांचेही जाते. लाटा अडवणारा बांध तोच, पायाखालची वाळूही त्याचीच, आणि त्या वाळूखाली साठणाऱ्या गोड्या पाण्यावर तिथल्या विहिरी चालतात.

वन्यजीव कायद्याने पोवळे तोडायला बंदी आहे. ती हवीच. पण तापलेल्या पाण्याला कोणता कायदा बजावणार? हे पाणी तापवले कोळशाच्या आणि तेलाच्या धुराने, आणि त्या धुरात या ६४ हजार लोकांचा वाटा तो कितीसा?

"आता काही उपयोग नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दोन तापांमधली वर्षे हेच पोवळ्याचे औषध आहे. धूर कमी करणे म्हणजे ती वर्षे वाढवणे. आणि त्या वर्षांत सांडपाणी, नांगर, शेवाळ खाणाऱ्या माशांची बेसुमार पकड यांपासून त्याला जपणे, हे तर आपल्याच हातात आहे. दुखणेकऱ्याला औषध मिळत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा थांबवत नाही, आणि शुश्रूषा चालू आहे म्हणून औषधाचा शोधही सोडत नाही.

दोन्ही करावे लागेल. पटते का पाहा.