पाकिटावर नाव कोणाचं?

रमजान सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. आमच्या शाळेतल्या एका मुलीची अम्मी शाळा सुटताना वर्गाबाहेर थांबली होती. हातात वहीचं एक पान. घरी केलेला खलियाचा मसाला ती यंदा पहिल्यांदाच पाकिटात भरून विकणार होती, आणि स्टिकरवरचा मजकूर मराठी-उर्दूत नीट लिहून हवा होता. मसाल्याचं नाव ठरलं, वजन लिहिलं, किंमत लिहिली. संपर्कासाठी नंबर विचारला तर ती चटकन म्हणाली, "मेरा नको डालो टीचर, इनकाच डाल देव." बनवणाऱ्याचं नाव? तेही 'इनकाच'. मसाला भाजणार ती, कुटणार ती, सहरीनंतर पाकिटं सील करत बसणार ती.

हा एका घरचा किस्सा असता तर आम्ही लिहायला बसलो नसतो. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशात 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होतं, ते 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेलं. ही वाढ मुख्यतः नोकऱ्यांची नाही, स्वयंरोजगाराची आहे. त्याच सर्वेक्षणात 'घरच्या उद्योगातले मदतनीस' असा एक रकाना असतो, ज्यांना कामाचा मोबदला मिळत नाही. आमच्या या मसालेवाल्या बहिणीकडे उद्या सर्वेक्षणवाले आले तर ती कोणत्या रकान्यात बसेल? मालकीण म्हणून की मदतनीस म्हणून?

आपल्या शहरात कल्पनांचा तुटवडा नाही. नान-खलियाचंच घ्या. 1327 च्या सुमारास मोहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या लष्करासोबत हा पदार्थ इथे आला असं जुनी माणसं सांगतात. आज पुण्या-मुंबईत राहणारे आपले लोक इथून जाताना हा मसाला बांधून नेतात. किराडपुरा, रोशन गेट, बायजीपुरा, जुना बाजार, कुठल्याही गल्लीत जा, काही ना काही चालू असतं. कुणी शीरखुर्म्यासाठी मेवा कापून, भाजून, मापून पुड्या करते. एकीने शाळेच्या मुलींसाठी आतून टोपी शिवलेला स्कार्फ केला, खेळताना घसरत नाही, पिना लागत नाहीत. दुसरीने तान्ह्या बाळाच्या आईसाठी बाजूला छुपी चेन असलेला अबाया शिवला. यातली एकही कल्पना बाजारात फिरून सुचलेली नाही. लेकराला पाजताना दवाखान्याच्या रांगेत अडचण झाली, म्हणून चेन सुचली. मुलगी रोज पिना हरवून यायची, म्हणून टोपी सुचली. ज्याला ती अडचण कधी आलीच नाही, त्याला ती वस्तू सुचणार कशी?

पण पुढे काय होतं बघा. तो चेनवाला अबाया एका दुकानदाराला आवडला. त्याने नगावर शिलाई ठरवली आणि आता तोच नमुना दुकानाच्या लेबलखाली विकला जातो. शिवणारी तीच, कल्पना तिचीच, हातात फक्त नगाची मजुरी. दुकानदाराने चोरी केली असंही म्हणता येत नाही, कारण ती वस्तू तिची आहे असं सांगणारा एक कागद तिच्याकडे नव्हता.

नंबर न देण्यामागची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. बंद पाकिटातल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, कमाल किंमत, बनवल्याचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क क्रमांक छापणं वजन-मापाच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खायच्या वस्तूवर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही लागतो. आता घराचा पत्ता आणि स्वतःचा मोबाईल नंबर हजार पाकिटांवर छापून अनोळखी हातांत द्यायचा म्हणजे रात्री-अपरात्री येणारे फोन आणि नको ते मेसेज. आयांना हे ठाऊक आहे. यावर उपाय धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड. धंद्याच्या व्हॉट्सॲपवर दुकानाचं नाव दिसतं, बाईचा फोटो लावायची गरज नाही. फोन कुणीही उचला, मुलगा उचलो की मियाँ. मात्र 'नंबर कुणाचा' आणि 'मालक कोण' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकच करून टाकलेत.

मालकीचा प्रश्न किती महाग पडतो ते आम्ही जवळून पाहिलं. ओळखीतली एक बहीण सात-आठ वर्षं सेवया आणि पापड करायची. गिऱ्हाईक पक्कं होतं. मशीन नवऱ्याच्या नावावर, क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा, उधारीची वहीही त्याच्याच अक्षरात. माणूस चांगला होता, कधी एका पैशाचा वाद नाही. तो अचानक वारला. इद्दतचे दिवस, आणि त्याच दिवसांत खातं बंद. क्यूआर कोडवर येणारे पैसे अडकले. पुढे वाटणीचं बोलणं निघालं तेव्हा मशीन, शिल्लक माल, खात्यातली रक्कम, सगळं मरहूमच्या तरक्यात धरलं गेलं. औलाद असेल तर बेवाचा हिस्सा आठवा. म्हणजे स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या धंद्यात ती आठ आण्यांचीही नाही, दोन आण्यांची वाटेकरी झाली. शरीअतने तिच्यावर अन्याय केला नाही. सूरह निसाच्या 32 व्या आयतीत स्पष्ट आहे की पुरुषाच्या कमाईवर त्याचा हक्क आणि स्त्रीच्या कमाईवर तिचा. तिची कमाई तिच्या नावावर असती तर ती तरक्यात आलीच नसती. चूक आपल्या कागदांची होती.

आणि हे कागद खरंच अवघड नाहीत. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. नेट कॅफेवाला पाचशे-हजार मागतो ती त्याची मजुरी, सरकारी फी नव्हे. अन्नसुरक्षेच्या छोट्या नोंदणीची फी 2011 च्या नियमांत वर्षाला 100 रुपये ठेवलेली आहे. ऑनलाइन विकायचं तर जीएसटी नंबर हवाच, असं अजूनही सांगितलं जातं. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्याच्या आत माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ठरावीक उलाढालीपर्यंत ती सक्ती नाही, पॅनच्या आधारे नोंदणी क्रमांक मिळतो. उरलं बँक खातं. ते 'लाडकी बहीण'ने बऱ्याच घरांत आणून ठेवलंय. 2024 च्या पावसाळ्यात बँकांसमोर बुरख्यातल्या बायकांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. 1500 रुपयांवर वाद घालणारे घालोत, पण आधार जोडलेलं स्वतःचं खातं अनेकींना त्या निमित्ताने पहिल्यांदा मिळालं. क्यूआर कोड त्याच खात्याला जोडला तर काय बिघडतं?

भांडवलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत कर्ज तारण न देता मिळतं. पण ते सूदवर आहे, आणि आपल्या कित्येक बहिणी तिथेच थांबतात. त्यांना नावं ठेवणारे आम्ही कोण? त्या बीसी टाकतात. बारा जणी, महिन्याला हजार, बारा हजारांचा आकडा दर महिन्याला एकीच्या हातात. सूद नाही, जामीन नाही, आणि बुडवणारी क्वचितच. एवढी चोख परतफेड बँकेच्या वहीत कुठे दिसत नाही, कारण ती सगळी एका बाजीच्या डायरीत पेन्सिलने लिहिलेली असते. वर्षानुवर्षं वेळेवर हप्ते भरणारी बाई बँकेच्या लेखी 'कोणताही इतिहास नसलेली' ठरते. त्याच बारा जणींनी बचत गट म्हणून खातं काढलं, बैठकीची वही ठेवली, आपसात बिनव्याजी द्यायचं असं स्वतः ठरवलं, तर पैसा तोच फिरतो, फक्त तो दिसायला लागतो.

1959 साली गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. लिज्जतची ही गोष्ट आम्ही वर्गात मुलींना सांगतो. पण बहुतेक जण 80 रुपयांवरच थांबतात. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी पहिल्यापासून हिशेब रीतसर ठेवायला लावला आणि दर्जा उतरवून स्वस्त पापड काढू नका असं बजावलं, हा अर्धा भाग राहून जातो. ते पैसे एका अर्थी कर्ज-ए-हसनाच होते. आपल्या शहरात असे 80 रुपये देणारे हात कमी नाहीत. रमजानात जकातीचा पैसा भरपूर निघतो आणि जास्त करून राशनच्या किटमध्ये जातो. ते चुकीचं नाही. पण ज्या मुस्तहिक बहिणीला एका शिलाई मशीनची गरज आहे, तिला दरवर्षी डाळ-तांदळाचीच पिशवी का?

जलशांमध्ये हजरत खदीजा रजि. यांच्या तिजारतीवर सुंदर तकरीरी होतात. त्यांचा माल, त्यांचं भांडवल, त्यांचंच नाव, आणि शामकडे जाणारे काफिले. तकरीर ऐकून घरी आलेला माणूस बायकोच्या मसाल्याच्या पाकिटावर आपलं नाव टाकतो. सिटी चौक, शहागंजच्या आपल्या दुकानदारांनीही जरा विचार करावा. कंपनीच्या एजंटला रोख आणि मोहल्ल्यातल्या भाभीला "ईद के बाद आव", हा कुठला हिसाब? तिचं भांडवल म्हणजे घरातलं रेशन असतं, ते दोन महिने अडकलं की तिसऱ्या महिन्यात धंदा बंद.

त्या मसालेवाल्या बहिणीशी आम्ही दोनदा बोललो. दुसऱ्यांदा तिचे मियाँही आले होते, त्यांना काही हरकत नव्हती. खरं तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. स्टिकर पुन्हा लिहिला. बनवणारी म्हणून तिचं नाव, खाली तिच्या खात्याचा क्यूआर कोड, आणि नवीन सिमचा नंबर. फोन दिवसभर मियाँच्या खिशात असतो. पहिली दोनशे पाकिटं पहिल्या अशऱ्यातच संपली.