विश्लेषण : ‘सातबारा’ शोधणाऱ्याला नेमके काय हवे असते?

कुणी ‘सातबारा’ लिहितो, कुणी ‘सात बारा’, कुणी ‘७/१२ उतारा’. अनेक जण हेच रोमन अक्षरांत टाइप करतात. कागद एकच, पण कीवर्ड शोधण्याच्या साधनांत त्याच्या वेगवेगळ्या ओळी दिसतात. त्यातली प्रत्येक ओळ उचलून तिच्यासाठी वेगळे पान करण्याचा मोह डिजिटल डेस्कवर नेहमीच होतो. मीही ते केले आहे. अशाने पाने वाढतात, उत्तरे वाढत नाहीत.

कीवर्डची माहिती मिळते कुठून?

प्रामुख्याने तीन साधनांतून. ‘गुगल ट्रेंड्स’ शब्दाची लोकप्रियता ० ते १०० या मोजपट्टीवर दाखवते. येथे १०० म्हणजे निवडलेल्या काळातील सर्वोच्च पातळी, शंभर शोध नव्हेत. ‘कीवर्ड प्लॅनर’ मुळात जाहिरातदारांसाठी आहे. त्यातील ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातींमधली चुरस सांगतो. शोधनिकालात वर येणे किती अवघड, हे नाही. ‘सर्च कन्सोल’ मात्र आपले पान कोणत्या शब्दांवर दिसले आणि किती जणांनी त्यावर क्लिक केले, हे सांगते. सुरुवात येथूनच करावी.

यादी लावायची कशी?

पहिली पायरी म्हणजे एकाच अर्थाची सगळी रूपे एका गटात आणणे. दुसरी, हेतूनुसार गट पाडणे. ‘सातबारा ऑनलाइन’ शोधणाऱ्याला उतारा पाहायचा असतो. ‘सातबारा आणि ८अ फरक’ शोधणाऱ्याला समजून घ्यायचे असते. ‘वारस नोंद कशी करायची’ विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी गेलेले असते. शब्द एकाच विषयाचे असले तरी गरजा तीन आहेत, म्हणून पानेही तीनच हवीत.

तिसरी पायरी तक्त्याची. साध्या स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात : कीवर्ड, गट, हेतू, कोणते पान, शेवटचा बदल कधी. ज्या गटापुढे दोन पाने दिसतात, तिथे एकत्रीकरण करावे. ज्याच्यापुढे एकही नाही, ती पुढची बातमी.

फक्त आकडा पाहिला तर काय बिघडते?

तक्ता शोधसंख्येनुसार उतरत्या क्रमाने लावला की ‘फेरफार नोंद नामंजूर झाल्यास काय करावे’ ही ओळ तळाशी जाते. पण ते शोधणारा माणूस सर्वाधिक अडचणीत असतो. त्याला नीट उत्तर मिळाले नाही, तर तो एजंटाकडे किंवा ओटीपी मागणाऱ्या बनावट पानाकडे वळतो. सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहणे मोफत आहे आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. एवढी साधी माहिती न सापडल्याने कुणाला शेकडो रुपये मोजावे लागत असतील, तर दोष त्या वाचकाचा नाही.

शब्द पेरून चालत नाही का?

कीवर्ड मेटा टॅगचा क्रमवारीसाठी उपयोग करत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले. केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या, वाचकाच्या फारशा उपयोगाच्या नसलेल्या पानांविरुद्धचे धोरण मार्च २०२४ मध्ये आणखी कडक झाले. म्हणजे ‘एक कीवर्ड, एक पान’ ही पद्धत वाचकाच्या हिताची तर नाहीच, पण धंद्याच्याही हिताची नाही.

अभियांत्रिकी शिकताना एक गोष्ट मनावर बिंबवली जाते : मोजणी करण्याआधी काय मोजतो आहोत ते ठरवा. कीवर्डच्या यादीलाही हेच लागू आहे. यादीतली प्रत्येक ओळ हा कुणीतरी विचारलेला प्रश्न आहे. संपादकीय बैठकीत तक्ता उघडताना आधी हेतूचा रकाना पाहावा, आकड्याचा नंतर. मराठी वाचकाला एका प्रश्नाची पाच अर्धवट पाने नकोत. एक पूर्ण, अद्ययावत पान हवे.