गुंठ्यांचा बाजार

शहरात घर घेणे आवाक्याबाहेर गेल्यामुळे खेड्यात दोन-चार गुंठे स्वस्त जमीन घेऊन ठेवावी, अशी इच्छा आज पांढरपेशा वर्गात बळावली आहे. इच्छेत गैर काही नाही. परंतु तिच्या आधारावर जो बाजार उभा राहिला आहे, त्याचे खरे स्वरूप ओळखणे अगत्याचे आहे.

१९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये, शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास मनाई आहे. २०२३ साली हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे ठरले. मग दोन-दोन गुंठे विकले जातात कसे? चाळीस गुंठ्यांचा एकर वीस जणांच्या नावे सामाईक खरेदीखताने लिहून दिला जातो. सातबाऱ्यावर नाव लागते. पण आपली हद्द कोणती, वाट कोठून, घर बांधावयाचे कशाच्या आधारे, हे त्या वीसांपैकी कोणासही सांगता येत नाही. शिवाय सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे. तो मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे.

हे निर्बंध कालबाह्य झाले, ते काढून टाकावेत, असा एक पक्ष आहे. कर्नाटकाने २०२० मध्ये तसे केलेही. आम्हांस हा मार्ग मान्य नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे मालक झाली, ती जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी म्हणून. शहरातील पैसा मुक्तपणे शेतात उतरला, तर जमिनीच्या किमतीचा तिच्या उत्पन्नाशी संबंध उरणार नाही, आणि शेजारच्या अल्पभूधारकास एक वाफाही जोडून घेता येणार नाही.

पण आजची स्थितीही समर्थनीय नव्हे. शेतकरी असल्याचा दाखला पदरी असलेला दलाल एकरावर घेतो व गुंठ्यावर विकतो. नफा त्याचा, धोका ग्राहकाचा आणि भूमिहीनता विकणाऱ्याची! कायदा अडवितो तो केवळ पापभीरू माणसास. त्यातच २०२५ साली सरकारने नागरी क्षेत्रांतील अशा जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचे ठरविले. फसलेल्यांस त्यामुळे दिलासा मिळेल. परंतु आज मोडलेला कायदा उद्या माफ होतो, हा धडाही दलालास मिळेल.

मागाहून क्षमा करण्यापेक्षा आधी सोय करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. गावठाणांलगत मोजणी झालेले, रस्ता-पाणी असलेले लहान भूखंड रीतसर आखून खुलेपणाने विकावेत. शेते मात्र शेतकऱ्यांकरिता राखावीत. आणि ग्राहकांनीही एवढे ध्यानी धरावे, की ज्या जमिनीची हद्द विकणाऱ्यास दाखविता येत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली, तरी महागच होय.