पाणी आणलं सगळ्यांनी, काढायचं कुणी?

शिरोळ, मिरज, पलूस, वाळवा या कृष्णाकाठच्या तालुक्यांत मीठफुटीचा, म्हणजे रानावर क्षार वर येण्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं : पुरानं रान बिघडवलं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी उभी पिकं कुजवली, हे कुणीच नाकारणार नाही. पण पीक जाणं वेगळं आणि जमीन जाणं वेगळं. जमीन गेल्याचं खापर पुरावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही.

पुराचं पाणी काही दिवस राहतं. त्यात क्षार कमी असतात आणि ओसरताना ते गाळ टाकून जातं. पिढ्यान् पिढ्या मळीची रानं पिकली ती याच गाळावर. उलट नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात, बारामतीकडे, ब्रिटिश अमदानीतच जमिनी पाणथळ झाल्या. तिथे कुठे कृष्णेचा महापूर होता? दोन्हीकडे सारखं आहे ते एवढंच : काळी चिकण माती, बारमाही दिलेलं पाणी आणि बुजलेले ओढे. ही माती पाणी सावकाश सोडते. वरून पाळीमागून पाळी दिली की भूजल वर चढतं, उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. क्षारपड रानात पाणी दिल्यावर चार दिवसांनी सकाळी जाऊन पाहावं. सरी ओली असते आणि वरंब्याच्या माथ्यावर पांढरी रेघ उमटलेली असते. तीन-चार फूट खड्डा घेतला तर तळाशी निळसर-करडी, कुबट वासाची माती लागते आणि बघता बघता खड्ड्यात पाणी साचतं. हे पाणी पुराचं नाही, आपल्याच मोटरीचं आहे.

दुसरा समज जिप्समचा. माती परीक्षण न करता पोती ओतली जातात. नुसत्या खारवट जमिनीला जिप्समचा उपयोग नाही. ते चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीचं औषध आहे. तिथेही जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सुटा करतं, एवढंच. सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर मुळांखालून बाहेर गेला तरच जमीन सुधारते. निचराच नसेल तर तो जाणार कुठे? ताग-धैंच्याचंही तेच. हिरवळीचं खत चांगलं, पण ते निचऱ्याची जागा घेत नाही.

तिसरा समज : ‘पाण्यात ऊसच टिकतो.’ पुरात ऊस काही दिवस तग धरतो, हे मान्य. पण वर्षभर मुळाशी उभं पाणी आणि क्षार त्याला सोसत नाहीत. खोडव्यात फुटवे विरळ होतात, शेंडे पिवळे पडतात, आणि शेतकरी त्यावर उपाय म्हणून आणखी एक पाळी देतो.

मग करायचं काय? वाफसा बघून पाणी द्यायचं, जमेल तिथे ठिबक करायचं, ही सुरुवात. बिघडलेल्या रानाला भूमिगत निचरा हवा : छिद्रांचे पीव्हीसी पाईप, त्यांना गाळणीचं कापड, उतार धरून तीन-चार फूट खोल टाकलेले, मुख्य पाईपला जोडून ओढ्यात सोडलेले. मग पावसाच्या आणि गोड्या पाण्यानं क्षार धुऊन जातात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या आहेत.

यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पुरात ओढाच तुंबतो, तेव्हा पाईप काय करणार? काहीच नाही. पण पूर ओसरल्यावर वाफसा लवकर येतो तो पाईपमुळेच. दुसरा आक्षेप, खारं पाणी नदीत जाणार. जाणार, म्हणून ते पावसाळ्यात, नदी भरून वाहताना सोडावं आणि मुळात पाणीच कमी द्यावं.

खरी अडचण तंत्राची नाही, एकत्र येण्याची आहे. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानात उपळतं. एकट्यानं पाईप टाकले तर ते शेजाऱ्याच्या बांधाशी अडतात. नदीचं पाणी चढवायला गावोगावी सहकारी उपसा संस्था निघाल्या, मग उतरवायला का नको? निचऱ्याचं क्षेत्र गटनंबरावरून नव्हे, ओढ्यावरून आखावं. ओढ्यावरचं अतिक्रमण आधी काढावं. पाणीपट्टीसोबत निचरापट्टी घ्यावी आणि ती वरच्या शेतकऱ्यानंही भरावी. आणि निचऱ्याचा आराखडा सोबत नसेल तर नव्या उपसा योजनेला एक रुपयाचंही कर्ज मिळू नये.