सही जुळत नाही

वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी एक खेडे दत्तक घेते, तेथे शिबिरात राहते व नेमून दिलेल्या कुटुंबांशी पुढेही संबंध राखते. २०२२ मध्ये कुटुंब दत्तक उपक्रम देशभर एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला.

माझी पुतणी यंदा त्यात आहे. तिच्या वाट्याच्या घरी एक आजी आहेत. तासभर गप्पा झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “रक्तदाबाची गोळी मी दिवसाआड घेते, पाकीट दुप्पट दिवस पुरते.” केसपेपरवर ‘रोज एक’ असेच होते!

बँकेत असताना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या वृद्धांच्या सह्या मी काटेकोरपणे पडताळीत असे. जुळली नाही की, “पुन्हा करा.” हात का थरथरतो, हे एकदाही विचारले नाही.